जांगड



मागच्या नाताळनंतर दोन-तीन दिवसांनी आपल्या धर्मग्रामातील एक ताई आम्हाला भेटायला आल्या. सीताबर्डीवरील तयार कपड्यांच्या एका दुकानात त्या काउंटरवर उभ्या असतात. (हे संभाषण पापनिवेदनातील नाही. तसे असते तर येथे एक अक्षरही लिहिले नसते. ताईंना विचारूनच लिहीत आहोत.) त्या म्हणाल्या, "फादर, चोवीस तारखेला विकलेले कोट आणि फ्रॉक सत्तावीसला परत येतात. टॅग जसाच्या तसा असतो, पण कॉलरला पावडर आणि बाहीवर मेणाचा थेंब. ती मेणबत्ती आपल्याच चर्चमधली असणार, नाही का?"

ताईंना विक्रीवर थोडे कमिशन मिळते. माल परत आला की ते कापले जाते. मेणाचा डाग नंतर मालकाच्या नजरेस पडला तर "घेताना तू पाहिलं नाहीस का?" हेही त्यांनाच ऐकावे लागते. आणि समोरचा माणूस ओळखीचा, मिस्सेला मागच्या बाकावर बसणारा! त्याला काय बोलणार? शेवटी त्यांनी विचारले, "फादर, हे पाप आहे की नाही, तेवढं सांगा."

आम्ही लगेच उत्तर देऊ शकलो नाही, आणि त्याचे कारण प्रामाणिकपणे सांगायला हवे. त्याच नाताळात मैदानावरील मध्यरात्रीच्या मिस्सेसाठी आपल्या समितीने कॉर्डलेस माइकचा एक संच विकत आणला आणि सव्वीस तारखेला "रेंज कमी पडते" असे सांगून परत केला. रेंज उत्तम होती. मैदानाच्या टोकापर्यंत शुभवर्तमान स्वच्छ ऐकू गेले होते. बैठकीत हिशेब वाचला गेला तेव्हा त्या रकान्यात शून्य होते, आणि आम्ही मुलांना शाबासकी दिली. म्हणून पुढे जे लिहीत आहोत ते व्यासपीठावरून नव्हे, बाकावरून लिहीत आहोत असे समजावे.

आता प्रश्नाकडे वळू. वस्तू नेऊन, पाहून, नको असल्यास परत करणे आपल्याकडे नवे नाही. व्यापारात त्याला 'जांगड' हा जुना शब्द आहे. मोल्सवर्थच्या कोशातही तो सापडतो. लग्नघरच्या बायका दुकानातून पाच साड्या घरी नेतात, सासूबाईंना दाखवतात, एक ठेवतात आणि चार परत पाठवतात. सराफही ओळखीच्या घरी दागिने असेच देतो. दुकानदार त्याची वेगळी नोंद ठेवतो. या व्यवहारात पाप तर नाहीच, उलट त्यात एक सुंदर विश्वास आहे. त्याची अट एकच आणि न सांगता ठरलेली असते. साडी अंगावर धरून पाहावी, नेसून कार्याला जाऊ नये.

ही अट केवळ रिवाजाची नाही, कायद्यालाही ती ठाऊक आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या चोविसाव्या कलमात पसंतीवर दिलेल्या मालाचा विचार आहे. घेणाऱ्याने पसंती कळवली, किंवा माल आपलाच झाल्यासारखे काही कृत्य केले, किंवा ठरलेल्या मुदतीत नापसंती न कळवता माल ठेवून घेतला, तर माल त्याचा झाला. इंग्लंडमध्ये १८९७ साली असाच एक खटला गाजला. एकाने पसंतीवर आणलेले दागिने गहाण टाकले. न्यायालयाने म्हटले की गहाण टाकले त्याच क्षणी तू ते स्वीकारलेस. आज दुकानांत असते ती 'रिटर्न पॉलिसी' म्हणजे तंतोतंत जांगड नव्हे, कारण तेथे विक्री आधीच झालेली असते. पण नीतीच्या दृष्टीने दोहोंचा गाभा एकच आहे. दुकानदार आपल्याला ठरवायला वेळ देतो, वापरायला वस्तू देत नाही.

येथे सेमिनरीतील तत्त्वज्ञानाचा वर्ग आठवल्याशिवाय राहत नाही. (कोणी जांभई देऊ नये, एकाच परिच्छेदाचा प्रश्न आहे.) तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी व्याजाची चर्चा करताना एक भेद दाखवला आहे. गहू आणि द्राक्षारस यांचा वापर म्हणजेच त्यांचा शेवट. तेथे वस्तू आणि तिचा वापर वेगळे करता येत नाहीत. घराचे तसे नाही. घर माझेच राहून त्याचा वापर तुम्हाला देता येतो, आणि म्हणून त्याचे भाडे घेणे न्याय्य ठरते. हाच भेद आता कोटाला लावून पाहा. कोट घरासारखा आहे. एका रात्रीच्या वापरालाही किंमत आहे आणि याच नागपुरात लग्नाचे गाऊन आणि शेरवान्या भाड्याने देणारी दुकाने त्या किमतीवरच चालतात. जो माणूस कोट घालून परत करतो तो कोट परत करतो, वापर परत करीत नाही. तो करता येतच नाही. त्याने भाड्याची वस्तू भाडे न देता वापरली. "मी त्यांची वस्तू त्यांना दिली, मग चोरी कसली?" या प्रश्नाचे उत्तर येथे आहे.

कॅथोलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात सातव्या आज्ञेखाली, परिच्छेद २४०८ मध्ये, मालकाच्या वाजवी इच्छेविरुद्ध त्याची मालमत्ता घेणे म्हणजे चोरी, असा अर्थ सांगितला आहे. 'वाजवी इच्छा' हे शब्द महत्त्वाचे आहेत. संत थॉमस आणखी एक खूण सांगतात: चोरी लपून होते. म्हणून शंका आली तर काउंटरवर उभे राहून मनाशी एकच वाक्य म्हणून पाहावे, "भाऊ, उद्या भाचीच्या लग्नात हा घालतो आणि परवा परत आणतो." हे मोठ्याने म्हणता येत असेल तर खुशाल न्यावा. म्हणता येत नसेल, तर आपल्याला उत्तर आधीच माहीत आहे.

यात हेतूचा विचार करावा लागतो. आवडला म्हणून घेतला आणि घरी गेल्यावर खांद्यात घट्ट निघाला, तर परत करण्यात काही गैर नाही. चपला दोन दिवस घातल्या आणि टाच सोलली, तर तसे स्पष्ट सांगून विचारावे. घ्यायचे की नाही हे दुकानदार ठरवील. सदोष मालाची तर गोष्टच वेगळी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलावरील मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तो आपला हक्क आहे, तो बजावताना संकोच करू नये. पण नुसते मन बदलले म्हणून परत घेणे हे बहुतांशी दुकानदाराने स्वखुशीने दिलेले वचन असते. आमचा माइक सदोष नव्हता. आम्ही त्याला सदोष म्हटले. म्हणजे सातव्या आज्ञेबरोबर आठवीही गेली.

"कंपनी एवढी मोठी, तिला काय फरक पडतो?" हे आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. ताईंच्या कमिशनकडे पाहिले की फरक कोणाला पडतो ते दिसते. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूमागेही बरेचदा एखादा छोटा व्यापारीच असतो आणि पुष्कळदा परतीच्या वाहतुकीचा भार त्याच्यावर पडतो. अमेरिकेत या सवयीला 'वॉर्डरोबिंग' असे नावच पडले आहे. म्हणून तर हल्ली कपड्याच्या दर्शनी भागावर हाताएवढा टॅग लावून 'हा काढल्यास माल परत घेतला जाणार नाही' असे छापतात. आपल्या पिढीला बिलाखालची ती ओळ आठवत असेल, एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. मोठ्या कष्टाने ती ओळ कुठे कुठे पुसली जात होती. कांट नावाच्या जर्मन विचारवंताने १७८५ साली विचारले होते की तुझ्यासारखेच सगळे वागू लागले तर? तर ती ओळ परत येईल, आणि पहिला फटका बसेल तो खरोखरच चुकीच्या मापाचा शर्ट घरी आणलेल्या माणसाला.

"दुकानदार काय कमी फसवतात?" फसवतात, काही जण. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात खोट्या मापांना मनाई आहेच. पण नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात ग्राहकाचीही थट्टा आहे: घेताना मालाला नावे ठेवतो आणि घरी जाताना मिशीला पीळ देतो. पवित्र शास्त्र काउंटरच्या दोन्ही बाजूंना पाहते. निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात उसनी वस्तू आणि भाड्याची वस्तू यांचे वेगवेगळे नियम आहेत. तिसरा प्रकार, विकत घेतल्याचे दाखवून वापरलेली वस्तू, तेथे नाही.

सर्वांत कठीण प्रश्न एका आईचा आहे. मुलीचे प्रथम कम्युनियन आहे, पांढरा फ्रॉक परवडत नाही, आणि सगळ्या मुली नव्या फ्रॉकमध्ये येणार. तिला आम्ही काय सांगावे? जीव जाण्याची वेळ आली असता भुकेलेल्याने घेतलेली भाकरी चोरी ठरत नाही, असे संत थॉमस म्हणतात. फ्रॉक म्हणजे तशी गरज नव्हे. पण ती आई फ्रॉक परत करायला जाते याचा दोष तिच्या एकटीवर टाकणे आम्हाला जमत नाही. एका दिवसाच्या पोशाखाची स्पर्धा आपणच, सगळ्या धर्मग्रामाने मिळून, उभी केली आहे. पूर्वी वाड्यात एकीची पैठणी चार जणी नेसत आणि कोणाला त्यात कमीपणा वाटत नसे.

राहिली भरपाई. जक्कयाने चौपट परत देण्याचे कबूल केले, तेही प्रभूने न मागता. ग्रंथाच्या २४१२ व्या परिच्छेदात भरपाईची शिकवण देताना त्याचेच उदाहरण घेतले आहे. जानेवारीत समितीतील दोन मुलांना घेऊन आम्ही त्या माइकच्या दुकानात गेलो आणि खरे काय ते सांगितले. मालकांनी वही काढली. तो संच त्यांनी उघडलेला माल म्हणून बाराशे रुपये कमी घेऊन विकला होता. बाराशे रुपये आम्ही पुढे केले. "चर्चचे पैसे कसे घेऊ?" म्हणून त्यांनी खूप आढेवेढे घेतले आणि आग्रह केल्यावर ठेवून घेतले. मग म्हणाले, "फादर, सांगितलं असतं तर दोन दिवसांसाठी असाच दिला असता." मुले परतताना रस्ताभर गप्प होती, आम्हीही. द्यायला तयार असलेल्या माणसाकडून आम्ही देण्याची संधीच काढून घेतली होती. जमाखर्चात तो रकाना दुरुस्त केला आहे, कोणालाही पाहता येईल.

ज्यांनी कोट किंवा फ्रॉक असा परत केला असेल त्यांनी काय करावे? शक्य असेल तेथे दुकानात जाऊन सांगावे. तोंडाने सांगणे जमत नसेल तर वापराचे वाजवी भाडे पाकिटात घालून पोचवावे. दुकान किंवा विक्रेता सापडणे अशक्यच असेल तर ती रक्कम गरिबांना द्यावी. कापले गेलेले कमिशन मात्र गरिबांना देऊन ताईंना मिळत नाही, हे ध्यानात असू द्यावे.

सॅक्रिस्टीशेजारच्या खोलीतील लाकडी कपाट रिकामे करून घेतले आहे. प्रथम कम्युनियनचे फ्रॉक, मुलांचे कोट आणि लग्नाचे गाऊन धुऊन, इस्त्री करून तेथे आणून द्यावेत. दुसऱ्या मिस्सेनंतर महिला मंडळाच्या भगिनी ते स्वीकारतील. नेणाऱ्याचे नाव वहीत लिहिले जाईल, परत आल्यावर खोडले जाईल, आणि ती वही भगिनींखेरीज कोणी पाहणार नाही. आतापर्यंत चार फ्रॉक आणि एक कोट आला आहे. कोटाच्या बाहीवर मेणाचा डाग आहे. तो निघाला नाही तरी चालेल.

आपले धर्मगुरू