दाढेची रिंग सैल झाली तर

अगं, दात सरळ करायला समोरच्या दातांवर लावायचे ब्रॅकेट कसे दिसतील याचीच तुला चिंता लागलीय. मला मात्र तुझ्या मागच्या दाढांची काळजी वाटते.

दाढेभोवती स्टीलची रिंग बसवतात आणि मधली बारीक फट सिमेंटनं भरतात. पूर्वीचं झिंक फॉस्फेट दाताला खरं चिकटायचंच नाही, नुसतं अडकून राहायचं आणि लाळेत झिजायचं. १९७२ च्या सुमारास ग्लास आयोनोमर आलं. ते दातातल्या कॅल्शियमशी बंध जुळवतं, वर फ्लोराईडही सोडतं. आता निळ्या लाईटनं काही सेकंदांत घट्ट होणारी सिमेंटं आहेत. पण बघ ना, स्टीलमधून प्रकाश जाणार कसा? तो वरच्या कडेनं आणि दाढेतूनच आत शिरतो. शिवाय घट्ट होताना या सिमेंटातलं रेझिन किंचित आकसतं. म्हणून लाईट आणि स्वतःची रासायनिक क्रिया, अशा दोन्हींनी घट्ट होणारं सिमेंट मला जास्त भरवशाचं वाटतं. प्रकाश न पोहोचलेला भागही त्यात हळूहळू घट्ट होतो. डॉक्टर कुठलं वापरणार आहेत, ते खुशाल विचार.

सिमेंट किती घट्ट धरतं हे तपासायला प्रयोगशाळेत, काढून टाकलेल्या दाढांवर रिंगा बसवून त्या ५ आणि ५५ अंशांच्या पाण्यात आळीपाळीनं बुडवतात, मग रंगात ठेवतात आणि कापून बघतात, रंग कुठवर झिरपला ते. रंग सिमेंट आणि दात यांच्यामधून गेला, तर ते जास्त वाईट, कारण लाळ आणि जंतूही त्याच वाटेनं जातात.

रिंग बसवताना दाढ कोरडी केली, की जीभ अजिबात हलवू नकोस. तिथे लाळ लागली, तर चांगलं सिमेंटही नीट धरत नाही. नंतर चिक्की, ऊस, बर्फ चावणं बंद. हिरडीलगतची कड रोज नीट घास.

आणि हे नक्की लक्षात ठेव. सिमेंट सुटलं तरी रिंग पडेलच असं नाही, ब्रॅकेटमधून जाणारी तार तिला धरून ठेवते. दुखतही नाही. आत मात्र अन्न साचतं आणि काही आठवड्यांत इनॅमलवर खडूसारखे पांढरे डाग पडू शकतात. ते पुरते जातीलच याची खात्री नसते. चावताना रिंग हलली, घाण वास किंवा विचित्र चव आली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नकोस. रिंग साफ करून पुन्हा बसवणं सोपं काम आहे. त्याच दिवशी दवाखान्यात फोन कर.