उंबऱ्यावर विचारू नकोस

जुलै २०२१

चि. मीनल हिस,


उपकेंद्रावर रुजू झालीस, फार बरं वाटलं. कोविडच्या तिसऱ्या लाटेची तयारी चालू आहे. ऑक्सिमीटर, लसीकरणाच्या याद्या, सगळं अंगावर येईल. ते तू निभावशीलच. मला सांगायचंय ते यादीत नसलेल्या कामाचं.

गेल्या वर्षी सगळं बंद झालं तेव्हा सॅनिटरी पॅडही जीवनावश्यक आहेत, हे केंद्र सरकारला २९ मार्चला वेगळं पत्र काढून सांगावं लागलं. साथीत बाईची गरज अशी मागे पडते, आणि ती स्वतःहून तोंड उघडत नाही. म्हणून आपणच विचारायचं. पण उंबऱ्यावर नको. नवरा, सासू, दीर दिवसभर घरात. तिथे विचारलंस तर "बरंय ताई" एवढंच ऐकशील. बीपी बघायचंय म्हणून मागच्या पडवीत ने. पट्टा बांधता बांधता शेवटच्या पाळीची तारीख विचार. ती घुटमळली की घाई करू नकोस, तिथेच थांब.

कुणाची पाळी कोविडनंतर पुढेमागे झाली असेल, कुणाला अंगावरून पांढरं जात असेल. कुणी म्हणेल, आजारपणानंतर नवरा जवळ आला तरी नकोसं वाटतं. तिला सांग, थकलेल्या, घाबरलेल्या शरीराचं असं होतं, यात तिचा दोष नाही आणि नको म्हणायचा तिला हक्क आहे. जबरदस्ती होत असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात लैंगिक छळही धरलाय. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर तोंडपाठ करून घे तिच्याकडून; चिठ्ठी घरात सापडते.

दिवस राहायची भीती तर घरोघर. अंतराचं इंजेक्शन तीन महिन्यांनी, पण चार आठवडे उशीर झाला तरी देता येतं, तेव्हा "तारीख गेली" म्हणून कुणाला परत पाठवू नकोस. रोजची गोळी घरात डोळ्यांवर येत असेल तर छाया ही आठवड्याची गोळी सुचव: पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा. तातडीची गोळी ७२ तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी बरी. दिवस गेलेच आणि मूल नको असेल तर आठवडे वाया जाऊ देऊ नकोस, लगेच मान्यताप्राप्त केंद्रात घेऊन जा. सज्ञान बाईला तिथे नवऱ्याची सही लागत नाही. हे कित्येक दवाखान्यांतही माहीत नसतं, याचा मला आजही संताप येतो.

लसीचं म्हणशील, तर पाळीच्या आगेमागे पाच दिवस घेऊ नये ही निव्वळ अफवा आहे. गरोदर बायकांनाही २ जुलैपासून परवानगी मिळाली आहे.

आणि आजच कपाट उघड. माला-एनच्या गोळ्या, निरोध, गरोदरपण तपासायच्या निश्चय किट, अंतराच्या कुप्या मोजून तीन महिन्यांची मागणी तालुक्याला पाठव. रस्ते बंद झाल्यावर मागून काही येत नाही.

तुझी,
मावशी