सेवा वेगळी, सहल वेगळी

लातूर-नांदेडकडची कॉलेजातली मुलं हल्ली मला एक प्रश्न हमखास विचारतात. "मॅडम, तुम्ही केनियाला व्हॉलंटियर म्हणून गेला होता ना? आम्हाला पण जायचंय. कसं जायचं?" विचारणाऱ्याच्या मोबाइलवर जाहिरात उघडलेलीच असते. सकाळी खेड्यातल्या शाळेत शिकवा, दुपारी किनाऱ्यावर कासवांची अंडी राखा, शनिवार-रविवार सफारी. राहणं-जेवण धरून अमुक डॉलर, शेवटी प्रमाणपत्र. अशाच एका कार्यक्रमातून मी जाऊन आले आहे. माझं उत्तर आधी सांगते, कारणं मागून: केनिया जरूर बघा, पण सेवा आणि सहल एकाच पावतीवर विकत घेऊ नका.

मी लातूर जिल्ह्यात शिक्षिका आहे. मला दिलेली शाळा मोंबासाच्या उत्तरेला, किलिफी काउंटीत होती. आजूबाजूला नारळ, मक्याची शेतं, वर पत्रा. पहिल्याच दिवशी मुलांनी स्वागताचं गाणं म्हटलं आणि कुणी न सांगता फोटोसाठी ओळीत उभी राहिली. त्या ओळीवरूनच कळलं, आपल्याआधी पुष्कळ जण येऊन गेलेत. मी इंग्रजीतून शरीराचे अवयव शिकवायला घेतले, तर पोरं माझ्याआधीच खांदे-गुडघे दाखवून मोकळी. दर नवा पाहुणा तिथूनच सुरुवात करत असे. आधीच्याने कुठवर शिकवलं, याची नोंद कुठेच नव्हती.

वर्गशिक्षक तेवढा वेळ मागच्या बाकावर बसून होता. डिप्लोमा झालेला, तिथल्या शिक्षक सेवा आयोगाकडे नाव नोंदवून सरकारी नेमणुकीची वाट बघणारा. तोवर शाळेच्या व्यवस्थापन मंडळाने पालकांच्या पैशातून तुटपुंज्या मानधनावर ठेवलेला. डीएड करून, टीईटी पास होऊन आपल्याकडे घरी बसलेल्या पोरांची जी गत, तीच त्याची. मधल्या सुट्टीत तो अदबीने म्हणाला, "मॅडम, तुम्ही लोक आलात की माझा वर्ग थांबतो. तुम्ही गेलात की राहिलेला अभ्यास मीच पळवत नेतो." मी भरलेल्या शुल्कात त्याचा कित्येक महिन्यांचा पगार निघाला असता. त्यातलं शाळेला किती मिळतं, असं कार्यक्रमाच्या माणसाला विचारलं. उत्तर गोल आलं. पुन्हा विचारलं, तर सफारीची गाडी किती वाजता येणार ते त्याने सांगितलं.

हे मला इतकं टोचलं, कारण आम्ही मदत घेणाऱ्यांच्या बाजूला बसलेली माणसं आहोत. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या पिढीला विसरता येत नाही. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाहून लोक येऊन झोपले होते. भूकंपाने किल्लारी-सास्तूर पट्ट्यातली ५२ गावं जमीनदोस्त झाली, हजारो माणसं गेली. ज्यांनी ढिगारे उपसले, जखमी उचलले, त्यांचं ऋण फिटणारं नाही. पण त्यांच्यामागे बघेही आले. कपडे वाटताना फोटो काढले आणि दिवस मावळायच्या आत परत गेले. पुढे नवी गावं वसली. रस्ते रुंद, घरं सरळ रेषेत. गुरं कुठे बांधणार, कडबा कुठे रचणार, हे मात्र बऱ्याच ठिकाणी कुणी विचारलं नाही. दुसरं उदाहरणही याच मातीतलं. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साथीने गावातल्याच बाया संवाद सहायक झाल्या. अनुदान, घरदुरुस्ती, भूकंपाला टिकणारं बांधकाम यांची माहिती त्यांनी घरोघर नेली. संस्था टिकून राहिली, म्हणून कामही राहिलं. येऊन जाणारा आणि राहणारा यांच्यातला फरक आम्हाला पुस्तकातून शिकावा लागला नाही. किलिफीच्या त्या शाळेत मी येऊन जाणाऱ्यांच्या रांगेत होते.

पैसे भरण्याआधी

संस्थेला लेखी विचारा, उत्तर लेखीच मागा. हे काम कुणी मागितलं आहे? शाळेचं, दवाखान्याचं किंवा गावाचं पत्र आहे का? याच कामाला तिथला माणूस मिळत नाही का? माझ्या शुल्कातले किती पैसे तिथे पोचतात? कमीत कमी किती दिवस राहावं लागेल? "तुमच्या सोयीने कितीही" असं उत्तर आलं, तर काम तुमच्या सोयीचंच आहे असं समजा. लातूरला नीटच्या बॅचवर कुणी परदेशी पाहुणा दोन आठवडे फिजिक्स शिकवतो म्हणाला, तर पालक त्याची पदवी आणि निकाल विचारतील. किलिफीच्या पालकांनाही तो हक्क आहे.

संस्था तिथे नोंदलेली आहे का, तेही तपासा. केनियात सार्वजनिक हिताच्या संस्थांचा नवा कायदा मे २०२४ मध्ये लागू झाला, त्यांच्यासाठी स्वतंत्र नियामक प्राधिकरण आहे. आणि लहान मुलांबरोबर काम असून तुमच्याकडे पोलीस पडताळणीचा दाखलाही कुणी मागत नसेल, तर तिथून मागे फिरा. जिथे तुमची चौकशी होत नाही, तिथे कुणाचीच होत नसणार.

अनाथाश्रमाचा कार्यक्रम तर घेऊच नका. अशा संस्थांमधल्या पुष्कळ मुलांचे आई-बाप किंवा जवळचे नातेवाईक हयात असतात. घरात गरिबी, आणि आश्रमात पाहुण्यांमुळे पैसा, म्हणून पोरं तिथे येतात. दर पंधरवड्याला नवी ताई जीव लावते आणि निघून जाते. केनियाने २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली आणि मुलांना कुटुंबात परत नेण्याचं धोरण आखलं. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनेही डिसेंबर २०१९ मध्ये अनाथाश्रमांतल्या अशा स्वयंसेवेच्या धोक्याकडे बोट दाखवलं.

नांदेडच्या विष्णुपुरीतल्या किंवा लातूरच्या मेडिकलला शिकणाऱ्यांना वेगळं सांगते. आपल्या वॉर्डात सरांच्या परवानगीशिवाय तुम्ही जे करत नाही, ते तिथेही करू नका. परदेशी डॉक्टरला रुग्ण तपासायला तिथल्या वैद्यकीय परिषदेचा परवाना लागतो. "इथे सगळं चालतं" असं सांगणारा माणूस तुमच्या हातून गरिबाच्या जिवाशी खेळतोय.

सुट्टीचं गणित

आमच्या शिक्षकांच्या सुट्ट्या दोन, उन्हाळ्याची आणि दिवाळीची. दोन्ही वेळा हिशेब चुकतो. मार्च ते मे हा केनियाचा मोठा पावसाळा. आपल्याकडे विहिरी तळाला जातात, तेव्हा त्यांच्या किनाऱ्यावर धो-धो बरसतं. अभयारण्यातल्या वाटा चिखलाच्या होतात आणि समुद्र गढूळ, खवळलेला असतो. स्वस्त मिळतं ते याचमुळे. दिवाळीत त्यांचा छोटा पावसाळा, शिवाय त्यांचं शालेय वर्ष ऑक्टोबरअखेर आटोपतं. नोव्हेंबर-डिसेंबरात शाळा बंद असतात, परीक्षा तेवढ्या चालतात. त्या महिन्यांत कुणी "शाळेत शिकवण्याची संधी" विकत असेल, तर मुलं कुठून गोळा करणार ते विचाराच.

कागद, लस आणि ताप

जानेवारी २०२४ पासून केनियाला व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवानगी लागते, तिला ईटीए म्हणतात. ती पर्यटनाला पुरते. बिनपगारी का असेना, काम करायचं तर तिथल्या इमिग्रेशन खात्याचा स्पेशल पास किंवा परमिट लागतं आणि त्याच्या अर्जाची जबाबदारी बोलावणाऱ्या संस्थेने घ्यायची असते. "विमानतळावर पर्यटक म्हणूनच सांगा" असा सल्ला मिळाला, तर खोटं बोलण्याची जोखीम तुमची आणि फायदा त्यांचा.

पिवळ्या तापाची लस घ्याच. खरी अडवणूक परत येताना होते. केनियाहून येणाऱ्याकडे लसीचं कार्ड नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं, मग ते आयुष्यभर चालतं. ही लस गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रावरच जावं लागतं. हैदराबादला आणि पुण्याला अशी केंद्रं आहेत. वार आणि वेळ आधी ठरवून घ्या.

हिवतापाचं जास्त मनावर घ्या. नैरोबी उंचावर असल्याने तिथे धोका कमी, किनाऱ्यावर मात्र खरा. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा. त्यातल्या काही परतल्यावरही चार आठवडे घ्याव्या लागतात, मध्येच सोडू नका. आल्यानंतर काही महिन्यांत ताप आला, तर पहिलं वाक्य "मी आफ्रिकेत जाऊन आले" हे बोला आणि त्याच दिवशी रक्त तपासा. तिकडचा फाल्सिपॅरम मलेरिया दोन-तीन दिवसांत जिवावर बेततो. तो व्हायरल समजून अंगावर काढायचा आजार नाही.

फराळ प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधू नका. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून कॅरिबॅगवर बंदी आहे आणि शिक्षा जबर आहे. जून २०२० पासून अभयारण्यांत आणि संरक्षित किनाऱ्यांवर एकदाच वापरायच्या बाटल्या-स्ट्रॉसुद्धा चालत नाहीत. शेंगदाण्याची चटणी स्टीलच्या डब्यात घ्या. पासपोर्टच्या प्रती वेगळ्या ठेवा. नैरोबीत भारताचं उच्चायुक्तालय आहे, मोंबासातही कार्यालय आहे. दोन्हींचे नंबर घरच्यांकडे देऊन निघा.

जनावरं आणि समुद्र

पाहण्यासारखं इतकं आहे, की त्याला सेवेचा मुलामा द्यायची गरजच नाही. नांदेडहून देवगिरी एक्सप्रेसने मुंबई गाठायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या साधारण निम्म्यात मुंबईचं विमान नैरोबीला उतरतं. तिथून मोंबासाला २०१७ मध्ये सुरू झालेली रेल्वे आहे. ती त्सावोच्या रानातून जाते आणि तांबड्या मातीने माखलेले हत्ती खिडकीतून दिसतात. १८९८ मध्ये याच भागात नदीवरचा पूल बांधणाऱ्या भारतीय मजुरांना दोन सिंहांनी तंबूतून ओढून नेलं होतं. आपल्या माणसांची हाडं त्या मातीत आहेत, एवढं ध्यानात ठेवून तो प्रवास करावा.

मासाई माराचा खर्च आधी मांडा. तिथलं प्रवेशशुल्क परदेशी प्रौढाला २०२४ पासून जानेवारी ते जून रोज १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर रोज २०० डॉलर झालं. विल्डबीस्टचे कळप जुलै ते ऑक्टोबरात येतात, म्हणजे महागाईतच. किनाऱ्यावर राहणाऱ्याला त्सावो जवळही पडतं आणि परवडतंही. ड्रायव्हरला "अजून जवळ घ्या दादा" म्हणून भरीला पाडू नका. वाट सोडली की दंड आणि बदनामी त्याच्या वाट्याला येते. सिंहाचे बछडे कुरवाळायला, माकडांना भरवायला देणारी जागा म्हणजे संवर्धन नव्हे. खऱ्या कामात जनावराला माणसाची सवय लागू देत नाहीत.

समुद्राकडे वाटामूचं सागरी उद्यान १९६८ पासून संरक्षित आहे. ओहोटीला प्रवाळांवर पाय देऊ नका. शंख-प्रवाळ बॅगेत घालून आणू नका, भारतात उतरल्यावर वन्यजीव कायदा आडवा येतो. त्या किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या कासवांत ऑलिव्ह रिडलेही आहे. हेच कासव रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला येतं. तिथे सह्याद्री निसर्ग मित्र संस्था आणि गावकऱ्यांनी घरटी राखली, पाहुणे गावातल्याच घरांत राहतात आणि पैसा गावात राहतो. पूर्व आफ्रिकेतल्या कासवांसाठी डॉलर भरण्याआधी एक मोसम वेळासला घालवा. पहाटे उठून वाळू तुडवायची हौस खरी की फोटोपुरती, ते स्वस्तात कळेल.

परदेशात खरंच काम करायचं असेल, तर आधी हातात कसब कमवा. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम पात्रता आणि अनुभव तपासून माणसं घेतो आणि त्यांना निर्वाह भत्ता देतो. तिथे तुमची निवड व्हावी लागते.

नांदेडची माझी भाची नर्सिंग करते. हे सगळं ऐकून ती चिडली. "मावशी, मग आम्ही कुणासाठी काही करूच नये का?" तिला सांगितलं तेच सगळ्यांना सांगते. केनियाला पर्यटक म्हणून ताठ मानेने जा. उद्यानाची फी पूर्ण भर, गाइड गावातला घे, मुक्काम गावातल्या माणसाकडे कर, पैशासाठी घासाघीस करू नकोस. तुझ्या दोन आठवड्यांचा तिथे होणारा खरा उपयोग तेवढाच, आणि तो कमी नाही. सेवा करायची असेल तर शिक्षण पुरं कर, तिथली भाषा शीक आणि एका गावाला किमान एक वर्ष दे. मग ते गाव किनवटकडचं असो की किलिफीचं.