कर्ज देणाऱ्याची नैतिक जबाबदारी

प्रश्न : कर्ज फिटले नाही तर दोष घेणाऱ्याचाच, असा वाद अनोळखी लोकही हिरिरीने घालतात. देणाऱ्याची काही जबाबदारी नसते का?

उत्तर : असते, आणि पारनेर परिसराने तिची किंमत मोजली आहे. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातील सुप्यापासून पेटलेला सावकारांविरुद्धचा दख्खनचा उठाव पारनेर, श्रीगोंदा भागांत पोहोचला. शेतकऱ्यांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या कागदांवर होता. खतपत्रे व वह्या मागून घ्यायच्या आणि जाळायच्या.

कारण त्या कागदांतच होते. 1859 च्या मुदत कायद्याने खताला तीन वर्षांची मर्यादा घातली. ऋणकोचे रक्षण व्हावे, हा हेतू. सावकार मात्र मुदत संपताना नवे खत लिहून घेई. थकलेले व्याज मुद्दलात मिसळे आणि वाचता न येणारा कुणबी त्यावर अंगठा उठवी. कागद कायदेशीर, व्यवहार अन्यायाचा.

1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयाला खतामागचा मूळ हिशोब तपासण्याचा अधिकार दिला. धनकोचे वर्तनही न्यायाच्या कक्षेत आले. एका वेळी व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करू नये, हा दामदुपटीचा नियम तर त्याहून जुना आहे. म्हणून अशा वादात आधी विचारावे : मूळ रक्कम किती होती आणि अंगठा देणाऱ्याला ती वाचून दाखवली होती का?