नडगीचे दुखणे अंगावर काढू नका

सैन्यभरतीत १.६ किलोमीटर धावावे लागते. भोपाळच्या मोठ्या तलावाकाठी त्यासाठी सराव करणाऱ्या मुलांना आम्ही इतकेच सांगू: नडगी दुखू लागली की धावणे थांबवा.

नडगीच्या आतल्या कडेने वीतभर दुखत असेल, तर सराव एकदम वाढवल्याने हाडावर ताण आला असे समजावे. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटे लावावा. काही दिवस सायकल चालवावी. झपझप चालताना दुखेनासे झाले, की मऊ मातीवर थोडे थोडे धावावे.

मात्र एका बोटाखाली नेमके दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. सुरुवातीच्या एक्स-रेत ती पुष्कळदा दिसत नाही. डॉक्टरांना जरूर दाखवावे. चार आठवड्यांची विश्रांती परवडते. मोडलेले हाड परवडत नाही.