आधी सीटीआरआय नंबर मागा

एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते आयआयटी मुंबईत देशी कार-टी उपचाराचं लोकार्पण झालं आणि आमच्या घरच्या ग्रुपवर तीच बातमी फिरू लागली. थोरल्या दिरांचा स्वादुपिंडाचा कर्करोग तोवर यकृतात पोचला होता. जाऊबाई तर शेत विकायला निघाल्या.

बातमीतच लिहिलं होतं की हा उपचार रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे. तिथे रुग्णाच्याच बदललेल्या टी-पेशी सीडी-१९ ही खूण शोधतात. त्यात चांगल्या बी-पेशीही मरतात, पण त्यांच्यावाचून माणूस जगवता येतो. स्वादुपिंडाच्या गाठीवरची मेसोथेलिनसारखी खूण फुप्फुसाच्या नि पोटाच्या अस्तरावरही असते. तिथे हल्ला झाला तर निभावणं कठीण. शिवाय गाठीभोवती चिवट तंतूंचं कवच. म्हणून स्वादुपिंडाच्या कर्करोगात सगळं अजून चाचण्यांतच आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात, अमेरिकेत ओरेगनमध्ये उपचार घेतलेल्या एका बाईच्या गाठी, केरास जनुकातला बिघाड ओळखणाऱ्या पेशी दिल्यावर, सहा महिन्यांत ७२ टक्क्यांनी आक्रसल्या. तोच उपचार घेतलेल्या दुसऱ्या एका रुग्णाला मात्र गुण आला नाही. फॉरवर्डमध्ये फक्त बाईच होती.

पुतण्याने एक क्लिनिक शोधलं. “स्वतःच्याच पेशी, साइड इफेक्ट शून्य,” तिथली समुपदेशक म्हणाली. अॅडव्हान्स त्याच दिवशी हवा होता. मी सीटीआरआय नंबर, म्हणजे चाचणीचा सरकारी नोंदणी क्रमांक, मागितला, तर म्हणे गोपनीय आहे. अहो, ती सरकारी नोंदवही कुणालाही उघडून वाचता येते! आपल्याकडे औषधाची चाचणी तिथे नोंदवल्याशिवाय करताच येत नाही, आणि प्रयोगातल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. नंबर नाही आणि बिल मात्र लाखांचं, तर तिथून उठावं. आम्ही उठलो. पुतण्या आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

या धावपळीत कुणी विचारत नाही ते सांगते. भाऊजींना शौचाला तेलकट होत होतं, वजन उतरत होतं. डॉक्टरांनी जेवणासोबत एन्झाइमच्या कॅप्सूल सुरू केल्या आणि अन्न अंगी लागू लागलं. पाठीतली कळ असह्य झाली तर नसांचा ब्लॉक देता येतो. तोही आपणहून विचारावा लागतो. आणि ब्राका जनुकाची तपासणी करून घ्या. बिघाड निघाला तर काही रुग्णांना ओलापरिबच्या गोळ्या चालतात, आणि सख्ख्या भावंडांनाही तपासायला हवं. भाऊजींचा रिपोर्ट आला त्याच आठवड्यात मी यजमानांचं रक्त द्यायला लावलं.