जोधपूर : नगरवासीयांच्या आठवणीतील पाणी

थरच्या वाळवंटाच्या पूर्व सीमेवर वसलेल्या जोधपूरचा इतिहास सामान्यतः त्याच्या किल्ल्यापासून आणि राजघराण्यापासून सांगितला जातो. राव जोधाने १४५९ मध्ये या नगराची स्थापना केली. परंतु जुन्या वस्तीतील वृद्ध स्त्रीपुरुषांना त्यांच्या बालपणाविषयी विचारले, तर त्यांचे बोलणे बहुधा राजांकडे न वळता पाण्याकडे वळते. कागदपत्रांत सहसा न नोंदले जाणारे दैनंदिन व्यवहार या आठवणींत जतन झालेले असल्याने नगराच्या अभ्यासकाने त्यांची दखल घेणे आवश्यक आहे.

येथे वर्षाकाठी सरासरी सुमारे ३६ सेंटिमीटर पाऊस पडतो आणि तोही भरवशाचा नसतो. त्यामुळे खडकाळ टेकड्यांवरून वाहणारे पाणी पाटांच्या साहाय्याने तलावांत आणण्याची पद्धत रूढ झाली. किल्ल्याच्या पायथ्याशी राणीसर व पदमसर, वस्तीत गुलाबसागर, नगराबाहेर बालसमंद आणि १८७२ मध्ये बांधलेला कायलाना हे त्यांपैकी प्रमुख तलाव होत. जमिनीत मुरलेले पाणी विहिरी, बावड्या आणि झालरे यांत उतरत असे. झालरा म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी बांधलेले खोल कुंड होय.

डोक्यावर घडे घेऊन या पायऱ्या चढणाऱ्या स्त्रिया, पखालीतून पाणी पोहोचविणारे भिस्ती, घरात माठ ठेवण्यासाठी राखलेला परिंडा आणि अंगणाखालचे टाके यांचे उल्लेख आठवणींत वारंवार येतात. एकदा वापरलेले पाणी दुसऱ्या कामासाठी राखून ठेवणे, हा घराचा शिरस्ता असे. काळाची खूणही दुष्काळावरून ठेवली जाई. विक्रम संवत १९५६ मधील, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० मधील ‘छप्पनिया’ दुष्काळ पाहिलेले आज कोणी हयात नाही. तरी आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेली त्याची भीती पुढील पिढ्यांच्या बोलण्यात टिकून राहिली.

या आठवणींना पुष्कळदा गतकाळाच्या ओढीचा रंग चढलेला असतो. म्हणून त्यांत काय सांगितले जात नाही, हेही पाहिले पाहिजे. पाणी वाहण्याचे कष्ट मुख्यतः स्त्रियांच्या वाट्याला येत आणि जातिभेदामुळे प्रत्येक पाणवठा सर्वांना सारखाच खुला नसे. नळ घरात आला, तेव्हा अनेकांच्या दृष्टीने ती केवळ सोय नव्हती, तर सुटकाही होती.

१९५१ मध्ये सुमारे १ लाख ८० हजार असलेली नगराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १० लाखांवर गेली. या वाढीला जुने तलाव पुरे पडणे शक्य नव्हते. १९९० च्या दशकात इंदिरा गांधी कालव्याचे पाणी उपसा कालव्याने सुमारे २०० किलोमीटर अंतरावरून येथे आणण्यात आले. त्यानंतर विहिरी व बावड्यांचा उपसा थांबत गेला आणि अनेक ठिकाणी त्या कचऱ्याने भरल्या.

परंतु यातून एक अनपेक्षित संकट उद्भवले. जमिनीखालील पाण्याची पातळी वाढून जुन्या भागातील अनेक तळघरांत पाणी शिरू लागले. जलाशयांतून होणारी झिरप, नळांची व सांडपाण्याची गळती आणि बंद पडलेला विहिरींचा उपसा अशी त्याची कारणे अभ्यासकांनी दाखविली आहेत. तहानेसाठी प्रसिद्ध असलेल्या नगराला पाणी उपसून बाहेर टाकण्याची चिंता करावी लागली.

अशा वेळी कोणती विहीर कोठे बुजली, ओढा कोठून वाहत असे, कोणत्या पाटावर घरे उठली, हे सांगू शकणाऱ्या वृद्धांचे ज्ञान केवळ कौतुकाचा विषय राहत नाही. अठराव्या शतकातील तूरजी का झालरा अलीकडच्या काळात स्वच्छ करून पुन्हा वापरात आणला गेला. त्यावरून अशी स्थळे वाचविता येतात, हे स्पष्ट होते. मात्र दगड साफ करता येतात, तशी विस्मृतीत गेलेली माहिती परत मिळविता येत नाही. म्हणून ती सांगणारी माणसे आहेत, तोवरच तिची नोंद झाली पाहिजे.